सुळकीच्या पठारावरचे छत्तीस अंश

सुळकीच्या पठारावरचं हवामान केंद्र खरं बोलतं की खोटं, एवढंच बघून यायचं होतं. त्यासाठी दीपमाला मे महिन्याच्या भर उन्हात डोंगर चढत होती. शहाणी माणसं ज्या वेळी डोंगर उतरून सावली धरतात, नेमक्या त्या वेळी!

छत्रपती संभाजीनगरात ती भूगोल शिकवायची, पण तिचा जीव अडकलेला असायचा हवामानाच्या नोंदींत. करमाडचं माहेरचं शेत, वैजापूरच्या मावसभावाची कांदाचाळ, अजिंठ्याच्या एका किराणा दुकानाची गच्ची, अशा कितीतरी ठिकाणी तिनं चांगले तापमापक बसवून घेतले होते. संध्याकाळ झाली की सगळ्यांचे आकडे तिच्या फोनवर यायचे. त्या आठवड्यात सगळीकडून चव्वेचाळीस, पंचेचाळीस येत होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या सुळकीच्या पठारावरचं स्वयंचलित केंद्र मात्र सांगत होतं, छत्तीस! पठार उंचावरचं, तिथं दोन-तीन अंश कमी असणार हे कुणीही मानलं असतं. पण आठ-नऊ? शिवाय पहाटे सगळीकडचा पारा उतरायचा, तेव्हाही या केंद्राचा आकडा चौतिसाला चिकटून बसलेला!

नुसतं आकड्यांचं भांडण असतं तर ती घरी बसूनच भांडली असती. पण पायथ्याच्या पाच गावांना उष्णतेचा इशारा द्यायचा की नाही, ते याच केंद्रावरून ठरत होतं. इशारा नाही, म्हणून पाझर तलावाचं खोदकाम दुपारीही चालू होतं. तिथंच गावातल्या बानाबाईची सून प्रांजली मातीची पाटी घेऊन चालता चालता कोसळली. जीव वाचला, पण अजून ती दवाखान्यातच होती. बानाबाई जाब विचारायला कचेरीत गेली, तर तिथल्या माणसानं संगणकाकडं बोट केलं. "मावशी, तुमच्याकडं तर छत्तीसच आहे. एवढ्यानं कुणी पडतं का?"

ती बानाबाई आता वाट दाखवत पुढं चालली होती. मेंढरं राखण्यात तिचा जन्म या डोंगरात गेलेला. डोक्यावर घोंगड्याची घडी, हातात काठी. मागं राजेंद्र, दीपमालाच्या तक्रारीवरून आलेला, केंद्रांची देखभाल करणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ, पाठीवर अवजारांची पिशवी घेऊन धापा टाकत येत होता.

"मॅडम, दर तासाला आकडा येतोय म्हणजे केंद्र चालू आहे," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "बंद पडलं असतं तर आम्हालाच आधी कळलं असतं."

"चालू आहे हो. पण काय मोजतंय ते बघायचंय."

बोलणं तिथंच थांबलं. घशाला कोरड पडत होती. साग पानं गाळून उघडे उभे होते, आणि खाली पडलेली वाळकी पानं पावलागणिक कडाकडा मोडत होती. काळ्या कातळातून झळा अशा उठत होत्या की समोरची वाट पाण्यासारखी हलायची. एक पाखरू ओरडत नव्हतं. दीपमालाला त्या शांततेची भीती वाटायला लागली. एवढा मोठा डोंगर आणि त्यात आपण तिघंच!

"घाबरू नगा बाई," बानाबाई म्हणाली. "म्होरं खडकात टाकं हाय. लई गार पानी. तिथं बाटल्या भरून घिऊ."

त्या टाक्याच्या भरवशावर त्यांनी पाणी हात सैल सोडून प्यायलं होतं. टाकं आलं, तसा आधी वास आला. मग माश्या. बानाबाई काठावरून वाकली आणि तशीच मागं सरली. टाक्याच्या तळाशी भेगाळलेला चिखल होता आणि त्यात एक वानर मरून पडलं होतं. पाण्यासाठी उतरलेलं, पुन्हा वर न आलेलं.

"आसं कदी झालं नव्हतं," ती पुटपुटली. "मागल्या उन्हाळ्यात म्या हितंच मेंढरं पाजली."

दोन बाटल्या उरल्या होत्या, त्यातली एक अर्धी. राजेंद्र सरळ खाली बसला. "परत फिरू या. नोकरीपेक्षा जीव मोठा आहे."

दीपमालाच्या मनात तेच होतं. पण पठाराची कड समोर दिसत होती, आणि दवाखान्यात पाहिलेलं प्रांजलीचं सुकलेलं तोंडही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. "वर जायचं, आकडा घ्यायचा, फोटो काढायचा आणि उतरायचं," ती म्हणाली. "कुणीही तिथं बसायचं नाही." तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

पठारावर आले आणि उन्हानं जणू थोबाडीत मारली! आडोसा कसला तो नाही. वाळलेलं कुसळी गवत, कातळ, आणि मधोमध तारेच्या कुंपणात उभा असलेला केंद्राचा लोखंडी खांब. दीपमालानं पिशवीतून आपला तापमापक काढला, एका खडकाच्या तुटपुंज्या सावलीत धरला आणि वाट बघितली. पारा चढला, चढला आणि बेचाळिसाच्या वर जाऊन थांबला. म्हणजे केंद्र खोटं बोलत होतं! पण का?

तिनं खांबाकडं निरखून पाहिलं. खांबाला एक आडवा दांडा होता. त्याला पांढऱ्या तबकड्यांची चळत असायला हवी. तिच्या आतच तापमापक बसवलेला असतो. पांढरं काहीच दिसेना. दांड्यावर कुणीतरी काळं घोंगडं वाळत टाकल्यासारखं दिसत होतं. इथं कोण घोंगडं टाकणार?

तेवढ्यात ते घोंगडं हललं.

वारा नव्हता. तरी त्याच्यावरून, वरपासून खालपर्यंत, एक चकाकती लाट सरसरत गेली. मग दुसरी. आग्या मोहोळ! दाराच्या फळीएवढं! माश्यांनी ती चळत आपल्या पोटात घेतली होती. आत पोळं होतं, पिल्लं होती. बाहेर आग पेटो की पहाटेचा गारवा येवो, माश्या पंखांनी वारा घालून, अंगाची ऊब देऊन पिल्लांना जपत होत्या. दिवसरात्र एकच ऊब. चौतीस, पस्तीस, छत्तीस! पाच गावांचं ऊन त्या आकड्यानं ठरत होतं!

"राजेंद्र, थांबा!"

पण तो पुढं गेला होता. मान खाली घालून, लवकर काम उरकावं म्हणून, कुंपणाच्या गंजलेल्या कुलपावर दगड घालत होता. ठण्! ठण्!

तिसऱ्या ठोक्याला आभाळ गरजल्यासारखा आवाज झाला. काळं घोंगडं फुटलं आणि हवेत पसरलं!

"पळा!" राजेंद्र किंचाळला आणि डोक्याशी हात नाचवत कड्याच्या दिशेनं धावत सुटला. दीपमालाही पळणार, तोच बानाबाईनं तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. पिशवी हातातून सुटली. तापमापक, फोन, सगळं कुंपणापाशी राहिलं. घोंगडं दोघींच्या अंगावर आलं.

"हलू नगा! श्वाससुदिक हळू!"

आत काळोख, लोकरीचा उग्र वास आणि भट्टीसारखी धग. वरून घोंगड्यावर गारा पडाव्यात तसा टपटप आवाज. एक माशी आत शिरली आणि मानेवर डसली. जळता निखारा टेकवल्यासारखं झालं! दीपमालानं ओठ दातांत घट्ट धरले. खालचा कातळ पोटाला पोळत होता. इथं पडून राहिलं तर ऊन मारणार, उठलं तर माश्या मारणार! शेजारी बानाबाई थरथरत बिरोबाचं नाव घेत होती. दीपमालाला कळलं, या बाईचीही आपल्यासारखीच पाचावर धारण बसलीय.

राजेंद्रच्या किंकाळ्या येत होत्या. मग त्या थांबल्या.

ते थांबणं किंकाळ्यांपेक्षा भयंकर होतं.

"मावशी, त्यांना आणायला पायजे." भीतीनं तिच्या तोंडात करमाडची बोली आली होती.

"मरायचंय का?"

"इथं थांबलो तरी मरनारच हाओत."

बानाबाईनं घोंगड्याचं एक टोक दीपमालाच्या मुठीत कोंबलं. दोघी रांगायला लागल्या. गुडघे सोलले, तळहात भाजले. घोंगडं जिथं उचललं जाई तिथून माश्या आत घुसत. दीपमालाचा डावा डोळा सुजून मिटला. तरी त्या रांगत राहिल्या. कड्यालगतच्या घळीत राजेंद्र पडलेला दिसला. तोंड ओळखू येत नव्हतं. छाती मात्र वरखाली होत होती!

दोघींनी त्याला काखेत धरून फरफटत घळीतून खाली ओढलं. तिथं खडकाची एक कपार होती, वाकून शिरण्याएवढी. आतल्या सावलीत माश्या कमी झाल्या. बानाबाईनं नखानं त्याच्या मानेवरचे, कपाळावरचे काटे खरवडून काढायला घेतले. दीपमालानं त्याच्या अंगाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. प्रांजली अशीच झाली होती.

बानाबाईच्या कमरेला बांधलेली एकच भरलेली बाटली उरली होती. दीपमालाची जीभ टाळ्याला चिकटली होती. तिनं बाटलीचं झाकण उघडलं, बानाबाईला एक घोट दिला, स्वतः एक घेतला. दोन घोट राजेंद्रच्या ओठांत सोडले, आणि राहिलेलं सगळं त्याच्या मानेवर, काखेत, छातीवर ओतून ओढणीनं वारा घालत सुटली. पाणी वाळताना अंग निवतं, हे ती वर्गात दरवर्षी शिकवायची. कपारीत मात्र ती नुसती विनवत होती, "निव रे बाबा, निव!"

बऱ्याच वेळानं राजेंद्रनं डोळ्यांची फट उघडली. "आई..." एवढंच म्हणाला.

ऊन थोडं कललं तशी दीपमाला कपारीच्या तोंडाशी आली. राजेंद्रच्या खिशातला फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. वर कुंपणापाशी तिची पिशवी होती. फोन मिळाला तर मदत बोलावता येईल, मोहोळाचा फोटो काढता येईल. त्याच्याशिवाय आपलं कोण ऐकणार? ती घळ चढून चार पावलं गेली. एक माशी आली, कपाळावर आपटून गेली. मग दुसरी. तो आवाज पुन्हा वाढायला लागला. ती उभी राहिली, पिशवीच्या दिशेनं एकदा बघितलं आणि मागं फिरली.

"ऱ्हाऊ द्या तिकडं," बानाबाई म्हणाली. "मानूस घिऊन जाऊ."

राजेंद्रला मधे घेऊन त्या उतरल्या. तो दर वळणाला बसे, त्या त्याला उठवत. दीपमालाला एका डोळ्यानं वाट दिसत होती, आणि कुठं पान वाजलं तरी ती मान खाली घालत होती. पायथ्याला बकऱ्या वळवणाऱ्या कडुबानं तिघांना पाहिलं आणि गावाकडं धूम ठोकली. दिवस मावळायच्या आत रुग्णवाहिका आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात राजेंद्रच्या फोनवर त्याच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. ओठ सुजलेले होते, म्हणून त्यानं फोन उशीवर ठेवून आवाज मोठा केला. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या दीपमालालाही ऐकू येत होतं.

"अरे, सुळकीला काय बिघाड आहे? इथं तर सगळं नीट दिसतंय. काल दुपारी जरा हललं होतं, आता पुन्हा छत्तीस."

राजेंद्रनं डोळे मिटले. "साहेब, ते माश्यांच्या घरातलं तापमान आहे. माणसांचं नाही." मग अडखळत त्यानं सगळं सांगितलं.

"मग त्या गावांना आज काय धरायचं?" पलीकडून प्रश्न आला.

राजेंद्रनं दीपमालाकडं पाहिलं. ती फोनजवळ वाकली. "अजिंठ्याच्या गच्चीवर परवा पंचेचाळीस होते. तेच धरा. आणि पावसाळा लागून माश्या आपणहून उठेपर्यंत सुळकीचा आकडा बंद ठेवा. पोळं जाळायला कुणाला पाठवू नका. आम्ही बघून आलोय."

साहेबांनी तिला नाव विचारलं, मग पुन्हा एकदा आकडा विचारला. दुपारच्या आत पाचही गावांना उष्णतेचा इशारा गेला.

त्या दिवशी भर दुपारी बानाबाईनं तलावाच्या खोदकामावरून राजेंद्रच्या फोनवर फोन केला. मागं कसलाच आवाज येत नव्हता. ना कुदळीचा, ना माणसांचा.

"बाई, कुनीबी नाय हितं," ती म्हणाली. "समदी झाडाखाली गेली."

"आणि तुम्ही कुठं आहात?" दीपमालानं विचारलं.

"म्या बगाया आल्ते," बानाबाई म्हणाली. "आता चालले सावलीला."