तुळसाबाईंच्या पेशी

हे खोटं असतं तर बरं झालं असतं.

करिश्मा माझी मावसबहीण. भुताखेतांच्या गोष्टींवर हसणारी. गेल्या फेब्रुवारीत, ठाण्यात वर्तकनगरच्या एका लॅबमध्ये, भर दुपारी तिच्यासोबत हे घडलं.

तिची सासू, तुळसाबाई, बाळकुमची. पोटाचा कॅन्सर. ऑपरेशनला नेताना सासूने तिचा हात धरला.

"कापलेला मागं ठेवू नुको गो. सगला जालून टाक."

करिश्मा हो म्हणाली.

पण लॅबमध्ये तिचं संशोधन जठराच्या अस्तरावरच. त्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, म्हणून पोटातलं आम्ल पोटालाच खात नाही. शरीरातली काही प्रथिनं, ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्यांना, हे सांधे आणखी आवळतात. ते तपासायला जिवंत अस्तर लागतं. तिने नवऱ्याला, नयनला, "टेस्टसाठी हवंय" सांगून सही घेतली आणि सासूच्या जठराचा एक तुकडा लॅबमध्ये नेला.

पेशी छान वाढल्या. ग्रोथ फॅक्टरचा थेंब पडला की सांधे आवळायचे, ते किती घट्ट हे दाखवणारा मशीनवरचा आकडा चढायचा.

इकडे घरी सासू झिजत गेली. शेवटी नुसती पेज भुरकायची.

मग पेजही थांबली आणि सासू गेली...

सुतकातच करिश्मा लॅबमध्ये गेली. पेशींना अन्न, म्हणजे पोषक द्रव, घालायला कुणीतरी हवं ना. बाकी सगळे जेवायला गेलेले.

तिने डिश भरल्या. थेंब टाकला.

आकडा चढला नाही.

उतरला...

शेजारी दुसऱ्या पेशंटच्या पेशी होत्या. तिथे तोच थेंब टाकला. आकडा चढला.

तिने सासूच्या पेशी मायक्रोस्कोपखाली धरल्या. मेलेली एकही नव्हती. पण सगळ्या एकमेकींचा हात सोडून लांब सरकलेल्या...

तिने सगळ्या डिश इनक्यूबेटरच्या उबदार कपाटात ठेवून दार लावलं.

एसीची घरघर थांबली. रस्त्यावरचे हॉर्नही.

आणि बंद दारामागे...

कुणीतरी पेज भुरकत होतं.

हळूहळू. घोट घोट.

तिने दार उघडलं. आवाज बंद. दुसऱ्याच्या डिश भरलेल्या. तुळसाबाईंच्या मात्र कोरड्या. थेंबभरही अन्न उरलं नव्हतं.

"आय, चुकले मी," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून राहिले. एकही शिवेना. सासऱ्यांनी, काळुरामकाकांनी, लेकींना माहेरी आणायचा शब्द दिला, देवीला नवस बोलले. तरी नाही.

नयनने करिश्माकडे पाहिलं. "तुला काही बोललेली का ती?"

"नाही."

शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

त्या पेशी अजून आहेत. करिश्मा एकही दिवस चुकवत नाही. परवा मी विचारलं, नयनला कधी सांगणार?



"सांगितलं तर तो म्हणेल... चल, मला आयला भेटव."