मुकादमाची सायकल

दोष भिमाजीचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी भुताच्या नावानं बोटं मोडायला नको. वाडीतली म्हातारी माणसं अजून म्हणतात, बांधावर काहीतरी होतं. होतं ना. पण ते तिथं आणून ठेवलं भिमाजी मुकादमानं, आणि हे म्हातारे तेव्हा त्याच्या मागं माना खाली घालून चालत होते.

बत्ती बारीक करा. मधे कुणी बोलू नका.

साल एकोणीसशे छत्तीस. मार्गशीर्ष अमावस्येची आदली रात्र, पावणेअकराचा सुमार. लोणावळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाशी ठोंबरवाडी. वाडीला लागून कालवा, तलावाचं पाणी कंपनीच्या वीजघराकडं नेणारा. कालव्याच्या कडेनं बांध आणि बांधावर सपाट, मुरुमाची वाट. दोन्ही टोकांना कुलूपबंद लोखंडी फाटक. गाडी नाही, बैल नाही, मोटार नाही. त्या वाटेवर चालायची एकच गोष्ट, मुकादमाची सायकल. काळी, विलायती, पुढं कार्बाइडचा दिवा. भिमाजी तिला रोज फडक्यानं पुसायचा. स्वतःच्या बायकोच्या डोळ्यांतलं पाणी त्यानं कधी पुसलं नसेल.

त्या रात्री भिमाजीच्या धाकट्या मुलाची, सोपानची बायको मुक्ता अडली होती. पहाटेपासून कळा येत होत्या, पण मूल येत नव्हतं. सुईण होती वळवणला, झुंबरबाई. बैलगाडीनं डोंगराला वळसा घालून अकरा मैल. बांधावरून सायकलनं पाच.

"आबा, सायकल आन् फाटकाची किल्ली द्या," सोपान म्हणाला.

भिमाजी ओटीवर चिलीम भरत होता. "कंपनीची सायकल हाय ती. सुईन आनायला न्हाई."

"आत मुक्ता मरंल."

"बाया काय पयल्यांदा बाळंत व्हत्यात? सकाळी बघू."

सोपाननं बापाकडं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी तो कल्याणला वर्कशॉपात होता. तेव्हा इथं, याच घरात थोरल्या भावाची बायको, कस्तुरा, बाळंतपणात गेली. घरून पत्र आलं होतं, देवाची इच्छा. थोरला भाऊ दत्तोबा त्याच महिन्यात घर सोडून गेला, तो परत आला नाही. का गेला, ते सोपानला कुणी सांगितलं नव्हतं. पण "सकाळी बघू" हे शब्द ऐकले आणि त्याला ते कळलं.

त्यानं खुंटीवरची किल्ली ओढून घेतली. भिमाजी उठला, पण पोराच्या डोळ्यांत बघून परत बसला. पाठीमागून एवढंच म्हणाला, "बांधावर कुटं थांबू नगंस."

का, ते सांगितलं नाही. या लोकांना हुकूम द्यायला तोंड असतं, कारण सांगायला नसतं.

जाताना काही झालं नाही. सायकल वाऱ्यासारखी गेली. डाव्या हाताला काळं पाणी, उजव्या हाताला कारवीचं रान. अर्ध्या तासात तो झुंबरबाईच्या दारात होता.

झुंबरबाई साठीची, जाड, आणि तोंडाची गिरणी. पिशवी घेऊन कॅरियरवर बसली ती बोलतच. "हळू रं बाबा. माज्या म्हाताऱ्यानं मला कदी गाडीत बसवलं न्हाई आन् तू सायकलीवर बसीवतोस! पडले तर कालव्यातनं थेट वीजघरात. उजेड पाडील माजा कंपनी."

सोपानला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा.

तीन मैल झाले. कालवा वळतो तिथं एक सपाट, काळा दगड आहे. नेमकी तिथं चेन पडली.

"उतरा मावशी. येका मिनिटात बसिवतो."

ती उतरली. दगडाकडं बघून तिनं हात जोडले. "हितंच का रं पडली?"

"का? हितं काय हाय?"

"तुला म्हाईत न्हाई?" झुंबरबाईचा आवाज खाली आला. "ह्यो विसावा हाय. कनाल व्हायच्या आदीपास्नं. तिरडी मसनात नेताना हितं येकदा खाली ठिवायची. खांदेकऱ्यांनी जागा बदलायची, मग म्होरं. त्याबिगर मानूस घर सोडत न्हाई. समद्यांना ठिवलं. तुज्या वैनीला न्हाई ठिवलं."

सोपानचा हात चेनवर थांबला.

"त्या दिशी सायेब बांधावर यायचा हुता. तुजा बाप म्हनला, बांधावर मुडदा ठिवायचा न्हाई, मुकादमाची अब्रू जाईल. चला म्होरं. लोक गेले की म्होरं. येकानं तोंड उघडलं न्हाई. सायबानं मना केलं नसतं रं. सायबाला कुनी इचारलंच न्हाई."

"आन् तुमाला का बोलावलं न्हवतं तवा?"

"सायकल मिळाली न्हाई," ती म्हणाली. "दत्तोबा चालत आला मला न्यायला. रातभर. आमी पोचलो तवा तिला न्हाऊ घालत हुते."

बोटांना वंगण लागलं होतं, डोळ्यांत पाणी होतं, चेन दाताला लागत नव्हती. तो बापाला शिव्या देत होता, मनात, मग तोंडानं. झुंबरबाई म्हणाली, "चूळ भरून येते," आणि पायऱ्या उतरून पाण्याकडं गेली.

चेन बसली. सोपान सीटवर चढला. मान न वळवताच म्हणाला, "बसा."

कॅरियर दबलं. तो निघाला.

थोडं पुढं आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मागं बोलणं नाही.

"मावशी?"

...

"रागावला का माज्यावर? शिव्या आबाला दिल्या."

काही नाही. वजन होतं. पण हलकं. झुंबरबाईला घेऊन पाय मारताना मांड्या भरून आल्या होत्या. आता सायकल आपोआप पळत होती. दिव्याची ज्योत निळी झाली होती. पाठीला गार लागत होतं, ओल्या कापडासारखं.

मागं बघावं, असं त्याला वाटलं. त्यानं बघितलं नाही. मुक्ता दिसत होती डोळ्यांपुढं. पाय मारत राहिला.

फाटक आलं. "उतरा मावशी." तो कुलपापाशी वाकला. किल्ली फिरेना. फिरली. त्यानं मान वर केली...

ती फाटकाच्या पलीकडं होती. पदर ओढलेला. घराच्या दिशेनं चाललेली.

त्या फाटकाला माणूस जाईल एवढी फट नव्हती. पण त्या वेळी असलं कोण बघतं? सोपान सायकल टाकून तिच्या मागं पळाला. ती कुणाला घर न विचारता सरळ अंगणात शिरली. ओटीवर भिमाजी बसला होता. ती त्याच्या समोरून गेली. हातभर अंतरावरून.

भिमाजीच्या हातातली चिलीम खाली पडली. फुटली. त्यानं तिचं तोंड बघितलं होतं. तो ओरडला नाही. उठला नाही. आत जाणाऱ्या बाईला त्यानं अडवलं नाही, की पोराला सावध केलं नाही. भिंतीकडं तोंड केलं आणि बसून राहिला.

दार लागलं.

आत काही आवाज नाही.

मुक्ताचं कण्हणंही थांबलं.

सोपान दाराला कान लावून उभा. एक... दोन... किती वेळ गेला त्याला कळलं नाही.

मग मूल रडलं. असं रडलं की वाडीतली कुत्री उठली.

सोपान उंबऱ्यातच खाली बसला आणि हसत हसत रडला. तेवढ्यात अंगणातून दुसरा आवाज आला, धापा टाकणारा.

"मुडद्या! मला तितंच टाकून आलास? म्हातारीला दोन मैल चालवलंस? हाका मारून नरडं फुटलं माजं!"

झुंबरबाई. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात पिशवी.

सोपानची आई धोंडाबाई इतका वेळ चुलीपाशी पाणी तापवत होती; रडणं ऐकून ती आत गेली आणि बाळाला फडक्यात गुंडाळून दारात आली होती. तिनं झुंबरबाईकडं बघितलं. मग आत वळून बघितलं. "तू... मग आत कोन हुतं?"

आत मुक्ता होती, एकटी. शुद्धीवर, जिवंत. "त्या मागच्या दारानं गेल्या," ती म्हणाली. "बोलल्या न्हाईत, पदरबी सारला न्हाई. हात लय गार हुते त्यांचे. पर लय मायेनं केलं समदं."

मागच्या दाराला आतून अडसर होता.

झुंबरबाईनं बाळ दिव्याखाली धरलं. नाळ नीट कापलेली होती. बांधलेली होती. दोऱ्यानं नाही, लुगड्याच्या हिरव्या काठाच्या चिंधीनं.

धोंडाबाईनं ती चिंधी बोटांत धरून बघितली. "ह्यो काठ कस्तुराच्या लुगड्याचा. सवाशीन गेली म्हून मीच नेसवलं हुतं. माज्या हातानं." ते लुगडं कस्तुराबरोबर जळलं होतं. साऱ्या वाडीसमोर. चिंधी कोरी होती. कुठं काळी नाही, कुठं करपलेली नाही.

सोपान चिंधी घेऊन ओटीवर गेला. "आबा. कोन आलं हुतं?"

...

"तुमी बघितलं. तुमी तिचं तोंड बघितलं."

भिमाजी भिंतीकडंच बघत होता. तसाच बोलला.

"सायकल फाटकापाशी टाकलीस. दव पडतंय. पुसून ठिव."

बाराव्या दिवशी सोपान बायको-पोराला आणि आईला घेऊन तळेगावला गेला.

भिमाजीला दोन मुलगे, एक नातू आणि बायको होती. पुढं तो अकरा वर्षं जगला, आणि त्यातलं कुणीही त्याला परत दिसलं नाही.