तिसऱ्या हाकेची ओ

धरणावर तंबू ठोकायचा, ही हौस स्नेहाची. कॉलेजात गेल्यापासून पोरीला पक्ष्यांचं वेड लागलेलं. रिठदच्या पुढं नदी धरणात शिरते तिथं वाळूची टेकाडं आहेत, आणि हिवाळ्यात त्यांच्यापलीकडं चक्रवाक उतरतात. सतीशनं फाटे फोडून पाहिले. पण लाडक्या लेकीपुढं बापाचं काय चालतं!

बावीस वर्षं तो तिकडं फिरकला नव्हता. याच टेकाडाआड तो आणि त्याचा पाठचा भाऊ प्रसेनजित मासे धरायला मुक्कामी राहिले होते. पहाटे प्रसेनजित जाळं काढायला गेला आणि गाळात रुतून बुडाला. त्यांची आई लिलाबाई मरेपर्यंत विचारत राहिली, "माह्या पोरानं हाक तरी मारली असन का रे?" आणि हा सांगत राहिला, "मी झोपलो होतो, माय." पुढं बायकोला, रत्नमालालाही त्यानं तेच सांगितलं.

झोपला कुठला! टक्क जागा होता. धुक्यातून हाक आली होती, "दादा..." जरा वेळानं पुन्हा, "दादा..." या घरानं देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले, भुतंखेतंही सोडली. लिलाबाईची एक शिकवण तेवढी सुटली नाही. अंधारातल्या पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही; माणूस असेल तर तिसरी मारेल. सतीश घोंगडीत तोंड खुपसून तिसरीची वाट बघत पडला. ती आलीच नाही. आग लागो असल्या शहाणपणाला!

तर आता, तांबडं फुटायच्या आतच स्नेहा दुर्बीण घेऊन टेकाडापलीकडं गेली. पक्ष्यांचे आवाज टिपायला मोबाईलही नेला. इकडं रत्नमालानं तीन दगडांवर चहा ठेवला. धुकं अंगाला चिकटत होतं. पाण्याकडून कुजलेल्या गाळाचा वास येत होता.

"दादा..."

सतीशच्या हातातल्या काटक्या गळून पडल्या. "ऐकलं का?"

"टिटवी असन," रत्नमाला म्हणाली. पण तीही पाण्याकडं बघत राहिली.

"दादा..."

स्नेहा काठावर एकटी होती. सतीश वाळूत धडपडत धावत सुटला. "ओ! आलो रे! आलो!"

स्नेहा चांगली धडधाकट बसली होती. थवा मात्र भुर्र उडाला.

"काय पप्पा! उडवले ना सारे! कोणाले ओ देऊन राह्यले तुमी?"

तो तिचा हात धरून ओढतच तंबूपाशी घेऊन आला.

चहा पिताना स्नेहानं मोबाईलवर टिपलेले आवाज लावले. वारा. चक्रवाकांचा कालवा. 'दादा' कुठंच नव्हतं. मग सतीशचंच ओरडणं आलं, "ओ! आलो रे!" पंखांची फडफड झाली आणि सारं शांत झालं. सतीशचा जीव भांड्यात पडला.

आणि मग मोबाईलला तोंड लावून कुणीतरी बोललं. आवाज ओला होता.

"दादा... म्हंजे त्या दिवशी बी जागाच होता ना तू?"

स्नेहाचा चेहरा पांढराफटक पडला. "पप्पा, हे कोण? तिथं तर मी एकटीच..."

रत्नमालानं कप खाली ठेवला. लिलाबाईची शिकवण सून म्हणून तिलाही मिळाली होती. वीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडं तिनं परक्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं.

"तिसरी झाली," ती म्हणाली. "द्या ना आता ओ. वाट पाहून राह्यला थो."