यादीबाहेरचा शब्द

दरड कोसळली ती बरोब्बर बसच्या नाकासमोर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, टोपलीतल्या दोन कोंबड्या किंचाळल्या, एका म्हातारीने देवाचा धावा सुरू केला. नुबियाचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं, पण तिने मांडीवरची निळी पेटी काही सोडली नाही. कपाळाचं काय, बरं होतं ते. पेटीला मात्र काही होऊन चालणार नव्हतं!

बाहेर पाऊस भुरभुरत होता. चिखलाचा ढीग रस्ताभर पसरला होता आणि त्याच्या पलीकडे दुधाची एक गाडी उभी होती. गाडीचा मालक गुडघाभर रबरी बूट घालून चिखल तुडवत आला आणि एकेकाला हात देऊन पलीकडे नेऊ लागला. म्हातारी झाली, कोंबड्या झाल्या. मग तो नुबियासमोर उभा राहिला.

"आणा ती पेटी."

"नको. मी धरलीय."

"मग पेटीसकट तुम्हालाच उचलू का?"

"हात तर लावून बघा!"

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची... नुबियाला ती दिसली, आणि दिसल्याचा रागही आला.

"एवढं काय आहे आत? सोनं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. पण सोनं बर्फात ठेवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. खालून पाणी गळतंय, बघा."

नुबियाने पेटी उचलून पाहिली. बर्फ वितळत होता. आतल्या औषधाला ऊब लागली की ते फुकट गेलं, आणि दरड हटायला संध्याकाळ होणार हे उघड होतं. तिचा चेहरा पडलेला पाहून त्याने मस्करी आवरती घेतली.

"माझ्याकडे थंडगार दुधाचे बारा कॅन आहेत," तो म्हणाला. "मधोमध ठेवू तुमची पेटी. आल्तोबेर्देलाच ना? तिथेच असणार. पुढे रस्ताच नाही."

अशी नुबिया त्या दिवशी दुधाच्या गाडीतून आल्तोबेर्देला पोचली. वाटेत चाळीस गोठे लागले. कुठल्या गोठ्यातून किती दूध आलं, कुठली गाय आटली, कुणाची लाथाळ आहे, सगळं त्याच्या तोंडपाठ.

"एखादी वही का ठेवत नाही?" तिने विचारलं.

"आमच्या घरात कुणी वही काढली की सगळ्यांचे धाबे दणाणतात," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. नुबियाला वाटलं, असेल काहीतरी विनोद.

दुपारी गावच्या दवाखान्यात तिने पहिली चिठ्ठी उचलून आकडा पुकारला. "एकशे सतरा!"

दारात तोच. बूट धुतलेले, केस ओले करून चापून बसवलेले.

"अरेच्चा!" नुबियाच्या तोंडून निघालं.

"म्हणजे मी माझंच औषध वाहून आणलं होय, हेफे?" तो म्हणाला. तिकडे नर्सला 'हेफे'च म्हणतात, म्हणजे साहेब. पण याच्या तोंडून ते ऐकताना साहेब असल्यासारखं तिला अजिबात वाटलं नाही. चिठ्ठीवर नाव होतं एल्किन.

मग तिला तो वहीचा विनोद कळला, आणि तो विनोद नव्हता हेही कळलं. त्या डोंगरातल्या काही घराण्यांत एक आजार पिढ्यानपिढ्या चालत आलाय. चाळिशी उलटली की, कधी त्याआधीही, माणूस विसरायला लागतो आणि सगळं वहीत लिहून ठेवू लागतो. आधी किल्ल्या, मग वाटा, मग पोटची पोरं. गाव त्याला 'बोबेरा' म्हणतं, म्हणजे खुळेपणा, आणि हळू आवाजात म्हणतं. एल्किनची आई ओफेलिया, मानाने दोन्या ओफेलिया, एकोणपन्नास वर्षांची होती आणि तिला एल्किनच तिचा बाप वाटायचा. आईला असलं की मुलाला होण्याची शक्यता निम्मीनिम्मी. रक्त तपासलं की कळतं. पण एल्किनने, गावातल्या बहुतेकांसारखं, आधीच सांगून ठेवलं होतं: मला माझं कळवू नका.

मेदेयीन शहरातल्या संशोधन केंद्राने आता एक नवं औषध करून पाहायला घेतलं होतं. आजार दिसायच्या आधीच द्यायचं, म्हणजे कदाचित तो येणारच नाही. कदाचित! दर पंधरा दिवसांनी एक सुई. कुणाच्या सुईत औषध आणि कुणाच्या सुईत नुसतं पाणी, हे सुई टोचणाऱ्या नुबियालाही ठाऊक नव्हतं. अट एकच होती. माणसाची आठवण शाबूत हवी. ती घसरायला लागली की तो प्रयोगातून बाहेर.

म्हणून दर तीन महिन्यांनी परीक्षा. नुबिया दहा शब्द वाचून दाखवायची, मग अर्धा तास आकृत्या काढायला लावायची, आणि मग विचारायची, "सांगा बघू."

"चूल, घोडा, मीठ, खिडकी, शिट्टी, पूल, कात्री, ढग, सुतळी, पेरू," एल्किनने पहिल्याच परीक्षेत धडाधड म्हणून दाखवलं.

"अजून काही?" हा प्रश्न नियमाने विचारायचाच असतो.

तो थांबला. तिच्याकडे पाहिलं... "नुबिया."

"हा शब्द यादीत नव्हता."

"मग धरा चूक."

नुबियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कागदावर दोन रकाने होते. यादीबाहेरचे शब्द किती? तिने लिहिलं, एक. कोणता? आता आपलंच नाव आपल्याच हाताने लिहायचं? शी! तो रकाना तिने कोराच सोडला.

पुढे काय झालं ते सांगायला हवं का? दरडीच्या वळणावर दर पंधरा दिवसांनी दुधाची गाडी उभी राहू लागली. तिच्यासाठी फडक्यात गुंडाळलेला गरम अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, असायचा, गुळाचं वाफाळतं पाणी असायचं. कधी मधल्या जागेवर दोन्या ओफेलिया बसलेली असायची. ती नुबियाच्या पांढऱ्या कोटाची बटणं एकेक करून लावायची, पुन्हा काढायची, पुन्हा लावायची. "पोरी, थंडी बाधेल," म्हणायची. एल्किन समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे, ते नुबियाला दिसायचे. ती त्याच्या बाहीवर हात ठेवायची.

आणि दर परीक्षेत दहा शब्दांमागून अकरावा यायचा. "नुबिया." दर वेळी ती लटक्या रागाने एक आकडा मांडायची आणि रकाना कोरा सोडायची. असं चार वेळा झालं. वर्ष झालं.

मग एक दिवस एल्किन दवाखान्यात आला तो आकडा पुकारण्याआधीच. चेहरा पांढराफटक. हातात केंद्राचं पत्र. सलग चार परीक्षांत यादीबाहेरचा शब्द, स्मरणदोषाचं लक्षण असू शकतं, फेरतपासणी होईल. पत्रासोबत त्याच्या शेवटच्या कागदाची नक्कल होती, कोऱ्या रकान्यासकट.

नुबियाने नकलेवरचा तो कोरा रकाना पाहिला. "अहो, पण ती तर मस्करी होती! मी सांगते त्यांना. मस्करीच होती ना?"

एल्किनने पत्राची घडी घातली.

"एल्किन?"

"आई पण मस्करीच करायची," तो म्हणाला. "जेवायला बसलो की सगळ्यांना मामाच्या नावाने हाक मारायची. रामिरो, मीठ दे. रामिरो, दार लाव. मामा जाऊन वीस वर्षं झालेली. आम्ही पोट धरून हसायचो. सहा महिने हसलो, हेफे! ती मस्करी कधी संपली ते आम्हाला कळलंच नाही."

"पण तुम्ही तर—"

"पहिल्यांदा मी मुद्दाम म्हणालो. दुसऱ्यांदाही. पण शेवटच्या वेळी... तुमचं नाव मी घेतलं, की ते आपोआप आलं? मला छातीठोक सांगता येत नाही." त्याने पत्राची घडी खिशात घातली. "तुम्ही माझ्या नादी लागू नका. मी काय हाल बघतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या ती बटणं मी लावत बसेन."

तो गेला. हे सगळं नुबियाच्या लाजेने केलं होतं, त्या कोऱ्या रकान्याने.

दुसऱ्या दिवशी ती मेदेयीनला केंद्राच्या प्रमुख डॉक्टर बेरेनिसे यांच्यापुढे उभी होती. बाई हाडाच्या कडक. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"चार वेळा रकाना कोरा! अगं, नाव लिहिलं असतंस तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. हसले असते आणि तुला दुसऱ्या गावी धाडलं असतं. आता मी काय धरून चालू? प्रेमात पडलेला माणूस, की आजारी पडलेला?"

"आजारी नाही तो."

"हे तू ठरवणार?"

नुबियाने मान खाली घातली. "नाही."

"दहा दिवसांनी तुझ्याऐवजी नर्स ग्लाडिस परीक्षा घेईल. नवी यादी. शब्द बाहेरचा आला तर तो प्रयोगातून बाहेर. औषध बंद. त्या गावाचं काम आजपासून तुझ्याकडे नाही. आणि तोवर त्याला भेटायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. तू काही पढवलंस तर त्या परीक्षेला अर्थ उरणार नाही."

"डॉक्टर, तो भीतीने अर्धमेला झाला असेल."

"असेल," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "या खुर्चीवर बसून मी सत्तावीस वर्षं अशी माणसं बघतेय, पोरी. त्याला खरोखर वाचवायचं असेल तर गप्प राहा."

ती गप्प राहिली. दहा दिवस! दरडीच्या वळणावर गाडी उभी असेल का, त्याला काय वाटत असेल, टाकून गेली असंच ना? घास उतरेना. अकराव्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. रजा टाकून ती आल्तोबेर्देला आली आणि दवाखान्याच्या मागच्या अंगाला, खिडकीखालच्या बाकावर, दिसणार नाही अशी बसली. बोलायची बंदी होती, ऐकायची कुणी घातली नव्हती.

आतून ग्लाडिसचा आवाज आला. "सांगा बघू."

"कुलूप, बैल, चमचा, डोंगर..." एल्किनचा आवाज कोरडा पडला होता. "टोपी, विहीर, साखर... दोरी, घंटा..." मध्ये इतका वेळ गेला की नुबियाने बाकाची कड घट्ट धरली. "लिंबू."

"अजून काही?"

पाऊस पन्हाळीतून ठिबकत होता. नुबियाने डोळे मिटले. देवा, तिने मनातल्या मनात हात जोडले, त्याच्या तोंडी माझं नाव येऊ देऊ नकोस. कुठल्या मुलीने असं कधी मागितलं असेल? पण तिने मागितलं, अगदी काकुळतीने.

"नाही," एल्किन म्हणाला. "एवढेच दहा."

नुबियाने तोंडावर हात दाबला आणि रडून घेतलं.

तो मागच्या दाराने बाहेर आला आणि तिला पाहून जागीच थांबला.

"तुम्ही? मला वाटलं, गेलात."

"बोलायची बंदी होती. म्हणून इथे बसले."

"ऐकलंत?"

"सगळं."

तो तिच्या शेजारी बसला. हातातली टोपी फिरवत राहिला.

"तिने अजून काही म्हणून विचारलं ना," तो म्हणाला, "तेव्हा तुमचं नाव अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी ते अडवलं. आईला अडवता यायचं नाही. मला आलं! म्हणजे चारही वेळा मी ते मुद्दामच घेतलं होतं, नुबिया. मला माझं उत्तर मिळालं."

"मला आधीच ठाऊक होतं."

"आज एवढं कळलं. दहा वर्षांनी काय, ते नाही ठाऊक."

ते खरंच होतं. दहा वर्षांनी काय होणार ते त्या सुईवर होतं, आणि सुईत काय होतं हे त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. समोर दुधाच्या गाडीत दोन्या ओफेलिया काचेला नाक लावून बसली होती. तिने दोघांना पाहून हात हलवला, अनोळखी माणसांना हलवतात तसा.

"माझ्या रक्तात काय आहे ते मला जाणूनही घ्यायचं नाही," एल्किन म्हणाला. "तुम्हाला चालेल असं जगणं? नीट विचार करून सांगा."

"दहा दिवस दुसरं काय केलं मी?" नुबिया म्हणाली. "तू विसरलास तर मी वाचून दाखवीन. रोज. मला तेच तर काम येतं."

तिने त्याला 'तू' म्हटलेलं त्याच्या लक्षात आलं. गालाला ती खळी पडली, पण डोळ्यांत पाणी होतं.

"आता परीक्षा संपली," ती म्हणाली. "आता मी विचारते. अजून काही?"

"नुबिया," तो म्हणाला.

तिने त्याच्या खिशातून ते पत्र काढलं. सोबतच्या नकलेवरचा कोरा रकाना शोधला. पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि आपलंच नाव, आपल्याच हाताने, ठळक अक्षरांत लिहिलं.