काठावरचं वजन

भर दुपारी पुंजाराम बॅटरी खांद्यावर घेऊन विहिरीकडे निघाला. हसनाबादच्या शिवारातली ही त्याची विहीर कधीचीच कोरडी पडलेली. पण लेक प्रियदर्शनी तिच्या तळाशी बसून जगाचं कोडं सोडवत होती, म्हणून बापाला ती भरल्यासारखीच वाटे. लेक जालन्याला भौतिकशास्त्र शिकायची. आभाळातून न दिसणारे कण सारखे बरसतात, छपरातून, माणसाच्या अंगातून आरपार जातात, त्यांना अडवायला डोंगराएवढं वजन लागतं, हे तिनं त्याला भाकरी खाता खाता समजावलं होतं. विहिरीच्या तळाशी किती कण पोचतील याचं गणित तिनं आधी कागदावर मांडलं, मग स्वतःच्या हातानं यंत्र जोडलं. कण आला की ते टक्‌ वाजायचं. उद्या ते परीक्षकांसमोर चालवून दाखवायचं होतं. निवड झाली की मोठ्या संशोधन संस्थेचं दार उघडणार होतं. पहिल्या रांगेत बसायला पुंजारामनं नवा सदरा इस्त्री करून ठेवला होता. लेकीचं कौतुक त्याच्या पोटात मावत नव्हतं.

भर बाराला विहिरीवर जाऊ नये, असं गावातल्या म्हाताऱ्या सांगत. पुंजारामच्या घरात मात्र भुताखेतांना सक्त बंदी होती. त्यानं दोरानं यंत्राची बॅटरी लेकीकडे खाली सोडली आणि काठावर उभा राहिला.

खालून टकटक सुरू झाली. मग मंदावली. मग थांबली.

"बाबा... तुमच्या मागं ट्रॅक्टर-बिक्टर उभाय का?"

त्यानं वळून पाहिलं. नुसती ढेकळं आणि ऊन. "न्हाई माय. काहीच न्हाई."

"यंत्राचं तोंड समोरच्या काठाकडं केलं की बराबर वाजून राह्यलं. तुमच्याकडं केलं की बंद."

पोरीनं वायर बदलली, यंत्र पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. घाईनं काही बोलायचा तिचा स्वभावच नव्हता.

"माणसाच्या अंगानं अडत न्हाई हे... बाबा, जरा बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बघा बरं."

पुंजाराम निघाला. मानेला गार लागलं. उन्हानं तापलेल्या रानात ओल्या मातीचा वास आला. मागं पाऊल वाजलं नाही, पण जमीन दबत होती... त्याच्यासोबत. आणि विहिरीतून टकटक जोमानं सुरू झाली.

"जुळलं बाबा! गणिताशी बिलकुल जुळलं!"

"मंग जल्दी वर ये. मी हितंच थांबतो."

ती शिडीनं वर येईस्तोवर त्याचा जीव टांगणीला लागला होता. यंत्र पोटाशी धरून ती आली. तिनं बापाकडे पाहिलं, मग बापाच्या मागे. घाबरली होती, पण नजर चोरली नाही.

"हे पण सांगणार मी परीक्षकांना. जे कळलं न्हाई, ते कळलं न्हाई म्हणून सांगायचं."

पुंजारामचे डोळे भरून आले. केवढी मोठी झाली पोर!

सकाळी तिनं सदरा पुढे केला. "चला ना, बाबा."

"रानात काम हाय. तू जा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग यंत्र घेऊन टेम्पोत बसली.

दुपारी फोन आला. "निवड झाली बाबा! यंत्र एकदाही अडखळलं न्हाई."

खाटेवर बसल्या बसल्या पुंजाराम हसला, रडला. फोन ठेवला. तेव्हा खाटेची दुसरी बाजू करकरली आणि हळूहळू खाली दबत गेली... घरभर ओल्या मातीचा वास आला.

त्यानं वळून पाहिलं नाही. जरा सरकून जागा दिली.

"बस," तो हळूच म्हणाला. "पण हितंच बस."