आधी तोंड, मग हात, मग पाय

२०६४ साली माणसाने काळावर मात केली. निदान कुरुंदवाडच्या प्रौढ खो-खो संघाने तरी तशी तयारी पूर्ण केली होती, म्हणजे बाराही जण दवाखान्यात येऊन बाकावर बसले होते.

सर्वांत पुढे शाळेतले ग्रंथपाल आदगोंडा मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा. वय चौपन्न, गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. यंदा नीट खेळता आलं नाही तर आपलं नाव संघातून जाणार, हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ते ठरलेलंच होतं.

उपचाराचं नाव धागाभरण. डॉ. नसीमा जमादार समजावून सांगू लागल्या, "मज्जापेशीची एक लांब दोरी असते. तिच्यात प्रथिनांचे धागे जुळून उभे राहतात, तंबूत बांबू असावेत तसे. धाग्यांना बाजूने केसाळ हात असतात. आमच्या औषधाने ते फुलतात, धागे एकमेकांना ढकलतात, दोरी जाड होते. आणि जाड दोरीतून निरोप जोरात पळतो."

"झकास! मग मी कधी पळणार?"

"तीन वर्षांनी."

"आँ?"

"नवे धागे वर पेशीत तयार होतात आणि दोरीतून खाली सरकत जातात. दिवसाला एक मिलिमीटर. कण्यापासून तळव्यापर्यंत मीटरभर अंतर आहे, अण्णा. हाताला दोन वर्षं धरा."

"सामना चार महिन्यांवर आलाय हो! तोवर काय पोचेल?"

डॉक्टरांनी जीभ बाहेर काढून दाखवली. "मेंदूच्या सगळ्यात जवळ हीच."

"आणि डोकं?"

"विचाराला हात लावायची आम्हाला परवानगी नाही."

संघाने बाकावरच बैठक घेतली. कप्तान शिवलिंग स्वामी सर म्हणाले, "खो-खोत अर्धा खेळ ओरडण्याचाच. खो लवकर सुटला की झालं." ठराव एकमताने मंजूर होऊन बाराही जणांनी बाह्या वर केल्या.

चार महिन्यांनी जयसिंगपूरशी सामना झाला. खो देताना बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लागणं आणि तोंडातून शब्द निघणं एकाच वेळी व्हावं लागतं, हा नियम पोरासोरांनाही ठाऊक असतो. अण्णा धावत आले, "खो!" म्हणाले, आणि मग हात लागला. शिट्टी. स्वामी सरांचंही तेच. शिट्टी.

"अण्णा, थांबा की जरा!"

"मी थांबलोय सर. तोंड थांबेना!"

पळणारा जयसिंगपूरकर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काका, सावकाश द्या. आम्ही कुठं जात नाही."

पंचांनी सतरा फाऊल मोजले आणि मग शिट्टी बदलून घेतली.

संध्याकाळी वार्षिक सभा भरली. या सभेची एक रीत होती. सर्वांत जुन्या गड्याने म्हणायचं, "मी आता थांबतो." मग सगळ्यांनी कळवळून म्हणायचं, "छे, अण्णा! तुमच्याशिवाय संघ कसला?" मग अण्णांनी मान डोलवून आणखी एक वर्ष राहायचं. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. खरं गिळून बरं बाहेर काढायला माणसाला पाव सेकंद लागतो. तेवढ्यावर कितीतरी संघ, भावकी आणि संसार टिकून आहेत.

अण्णा उठले. घसा खाकरला.

"मी आता थांबतो."

"बरं झालं!" अकरा तोंडं एकदम म्हणाली.

कुणाला काही कळायच्या आत ते बोलून झालं होतं. स्वामी सरांचे डोळे स्वतःच्याच आवाजाने विस्फारले. त्यांनी घाईने तोंडावर हात नेला, पण हात उशिरा पोचला. अण्णांनी सगळ्यांकडे एकदा आळीपाळीने पाहिलं. एकाही चेहऱ्यावर राग नव्हता, एकही चेहरा खोटं बोलत नव्हता. असं त्यांनी या मंडळींना कधी पाहिलंच नव्हतं.

इतिवृत्तात नोंद झाली: श्री. मगदूम स्वेच्छेने निवृत्त. एरवी दोन तास चालणारी सभा चार मिनिटांत आटोपली.