शून्य दिवस

हे घडलं आहे. मी भित्रा माणूस आहे, स्वतःच्या आठवणीवरही माझा पुरता भरवसा नाही. तरी हे घडलं आहे.

कोरिएन्तेस प्रांतात, नदीकाठच्या आमच्या गावातलं वाचनालय. जानेवारीतली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातली, अंग भाजणारी दुपार. एक ते चार अख्खं गाव झोपतं. मी मात्र आत बसून राहायचो... पुस्तकं आणि मेलचा सर्व्हर, दोन्ही माझ्याकडे होती.

प्रमुख ओल्गाबाई वैतागल्या होत्या.

"आनिबालराव, सर्व्हर तुडुंब भरलाय! वर्षाहून जुने मेल आपोआप उडतील असं करून टाका. आणि कोणाचे ठेवू, कोणाचे नको, असा घोळ घालत बसू नका."

मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते.

माझ्या खात्यात एक न उघडलेला मेल होता. दोन वर्षांपूर्वीचा. इथे पुस्तकं बांधणाऱ्या रेमिखिओचा. विषयात लिहिलं होतं, "चामिगो, दुपारी ये." मित्राला आमच्याकडे चामिगो म्हणतात. मला वाटलं, हा नेहमीसारखी थट्टा करणार... "ये रे पुस्तकातल्या झुरळा, थंडगार तेरेरे पी, जरा माणसांत बस!" तेरेरे, म्हणजे पेल्यात बर्फ घालून नळीनं ओढायचा पानांचा थंड चहा, हे त्याचं रोज दुपारचं.

मी गेलो नाही.

त्या दिवशी चार वाजता बांधणीच्या खोलीत त्याचा देह सापडला. शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

त्यानं मला बोलावलं होतं, हे त्याच्या मुलीला मी कधीच सांगितलं नाही. हातानं तो मेल पुसायला बोट उचलत नव्हतं. आता नियमच पुसणार होता.

नियम लावला. कप्प्यात ठेवून वर्ष झालेला प्रत्येक मेल सर्व्हरनं रोज दुपारी दोनला पुसायचा.

सव्वादोनला पाहिलं. हजारो मेल गेले होते.

रेमिखिओचा तिथेच होता.

वय... शून्य दिवस.

मेल कप्प्यातून काढून परत ठेवला, तरच वय नव्यानं मोजलं जातं. माझा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. म्हटलं, नियमच चुकला असेल. मला कुठे काय नीट जमतं?

दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी, दोनला पाच मिनिटं कमी असताना, बांधणीच्या खोलीतून आवाज आला...

पेल्यात बर्फ हलल्याचा.

मग नळीनं शेवटचा घोट ओढल्याचा.

खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

मी नोकरी सोडली.

काल संध्याकाळी माझ्या जागी आलेल्या सिल्विनाचा फोन आला.

"काका, तुमच्या जुन्या खात्यात एक मेल आहे, जाता जात नाही बघा! रोज नवा होऊन बसतो."

"राहू दे गं. उघडू नकोस."

"मी कशाला उघडू? तुम्हीच उघडलात की, आज दोन वाजता. उत्तरही पाठवलंत."

दोन वाजता मी घरी झोपलो होतो.

"काय... काय लिहिलंय उत्तरात?"

"'उद्या भेटू, चामिगो.' एवढंच."

आता पावणेदोन झाले आहेत. दाराला आतून कडी आहे. मी एकटा राहतो.

टेबलापाशी ही दुसरी खुर्ची कधी ओढली... मला आठवत नाही.